न्हाणीघर (मराठवाडा)

न्हाणीघर किंवा न्हाणी म्हणजे घरातील स्नानाची जागा. नांदेड जिल्ह्यातील मुखेड, कंधार, देगलूर आणि लातूर जिल्ह्यातील अहमदपूर, जळकोट, उदगीर या तालुक्यांच्या पट्ट्यातील जुन्या माळवदाच्या घरांत ही जागा आकाराने लहान, बसक्या छताची आणि भर दिवसाही अंधारी असे. हा अंधार केवळ गैरसोयीतून आलेला नव्हता. ऊन, आडोसा, पाण्याची उष्णता आणि घराची सुरक्षितता या चारही गोष्टींचा विचार त्यामागे होता. त्याची किंमतही घरातील माणसे, विशेषतः स्त्रिया, धूर आणि ओल यांच्या रूपाने मोजत. अलीकडे शहरी घरांच्या सजावटीत मुद्दाम काळोखी ठेवलेली लहान प्रसाधनगृहे दिसू लागली आहेत. पावडर रूम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा खोल्यांचा विचार करताना या जुन्या न्हाणीघराची माहिती उपयोगी ठरते.

नाव

संस्कृत ‘स्नान’ शब्दाचे प्राकृत रूप ‘ण्हाण’. त्यावरून मराठीत ‘न्हाण’, ‘न्हाणे’ आणि ‘न्हाणी’ हे शब्द आले. मराठीत ‘आंघोळ करणे’ आणि ‘न्हाणे’ यांत सूक्ष्म भेद आहे. न्हाणे म्हणजे डोक्यावरून, केस धुऊन केलेले स्नान. ‘मोरी’ हा शब्द मुख्यतः पाणी वाहून जाण्याच्या जागेसाठी आहे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील भांडी घासण्याच्या चौकटीलाही मोरीच म्हणतात, आणि लहान घरांत तीच न्हाणीचेही काम करते. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे ‘गुसलखाना’ आणि ‘हमाम’ हे शब्दही येथील जुन्या माणसांच्या बोलण्यात आढळतात. ‘बाथरूम’ या शब्दाने आज या सर्वांना मागे सारले असले, तरी ‘न्हाणी’ हा शब्द घरगुती बोलण्यात अजून टिकून आहे.

रचना

बालाघाटच्या डोंगररांगांतील या भागात काळा बेसाल्ट दगड विपुल आहे. घराच्या भिंती दगड व माती यांच्या, दोन ते तीन फूट जाडीच्या असत. छत सपाट असे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, त्यांवर फळ्यांचे किंवा काटक्यांचे आच्छादन आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी माळवदाची बांधणी होती. ही पांढरी माती गावठाणातूनच मिळे. चांगली चोपून बसवली की ती पाणी सहसा आत येऊ देत नसे, मात्र दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तिची डागडुजी करावी लागे.

अशा घरात न्हाणीचे स्थान ठरलेले असे. वाड्यात ती चौकाच्या कडेला किंवा परसदारी, आडाच्या जवळ असे. साध्या घरात स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात तिची सोय केलेली असे. तळाशी एक मोठी घडीव दगडी शिळा बसवीत. तिचा उतार एका बाजूला असे आणि कडेने बोटभर खोल पन्हळ खोदलेली असे. एका माणसाला पाटावर किंवा दगडावर बसून अंगावर पाणी घेता येईल, शेजारी घंगाळ व एखादी घागर मावेल, एवढीच जागा. उभे राहून स्नान करण्याची रीत नसल्याने छत उंच असण्याची गरज नव्हती. भिंतीत एक-दोन देवळ्या असत. एका देवळीत शिकेकाई, रिठे, हळद किंवा डाळीचे पीठ असे आणि दुसरीत दिवा. टाचा घासायची वज्री खुंटीला लटकलेली असे. कपडे ठेवण्यासाठी दोन भिंतींमध्ये आडवी टाकलेली काठी असे, तिला ‘वलन’ किंवा ‘वळण’ म्हणत. दरवाजाऐवजी पुष्कळदा जाड कापडाचा पडदाच असे.

उजेड आणि अंधार

माळवदाच्या घरांना रस्त्याकडील बाजूस खिडक्या जवळजवळ नसत. चोर-दरोडेखोरांचे भय हे एक कारण होते आणि उन्हाळा हे दुसरे. एप्रिल-मे महिन्यांत येथील दुपारचे तापमान चाळीस अंश सेल्सियसच्या वर जाते. जाड भिंत दिवसभराची उष्णता हळूहळू शोषून घेते आणि आतली हवा थंड राखते. खिडकी पाडली की हा गुण कमी होतो. त्यामुळे उजेड वरून घेत. छतात एक वीतभर किंवा हातभर रुंदीचे भोक ठेवीत आणि पावसात ते मडक्याच्या खापराने किंवा पत्र्याने झाकीत. या झरोक्याला ‘सवणे’ किंवा ‘साणे’ म्हणतात.

न्हाणीत येणारा उजेड बहुधा एवढ्या एका झरोक्याचा असे. सकाळच्या वेळी त्यातून तिरपा कवडसा उतरे आणि घंगाळातून निघणारी वाफ त्यात दिसे. भोवतालच्या भिंती चुलीच्या धुराने काळवंडलेल्या, तळ काळ्या दगडाचा. त्या काळ्या पार्श्वभूमीवर चिंचेने घासलेले तांब्या-पितळेचे भांडे तेवढे उजळून दिसे. कोणी मुद्दाम साधलेला हा परिणाम नव्हता. परंतु आजचे गृहसजावटकार ज्याला वातावरणनिर्मिती म्हणतात, तिचे घटक यात सगळेच होते: लहान जागा, गडद पृष्ठभाग, प्रकाशाचा एकच स्रोत आणि त्याला प्रतिसाद देणारा एखादा चकचकीत धातू.

अशा अंधारातील सौंदर्याची सर्वांत प्रसिद्ध मांडणी जपानमध्ये झाली आहे. कादंबरीकार जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ साली लिहिलेल्या ‘इन्-एइ राइसान’ (छायेची स्तुती) या दीर्घ निबंधाच्या आरंभीच्या भागात जुन्या जपानी घरातील शौचगृहाच्या मंद उजेडाचे वर्णन येते. पांढऱ्याशुभ्र फरशा आणि विजेचा प्रखर दिवा यांनी ती शांतता घालवली, अशी त्यांची तक्रार आहे. मराठीत न्हाणीघराविषयी अशा प्रकारचे स्वतंत्र लेखन फारसे झालेले नाही. तेथे राबणाऱ्या हातांना त्या काळोखाचे कौतुक करायला सवड नव्हती, हे त्याचे एक कारण असावे.

पाणी, चूल आणि बंब

न्हाणीच्या आत किंवा तिला लागून पाणी तापवण्याची चूल असे. तिच्यावर तांब्याचा हंडा कायमचा बसवलेला असे. काही वाड्यांत चुलीचे तोंड बाहेरच्या बाजूला ठेवीत. त्यामुळे सरपण बाहेरून सारता येई आणि आत धूर कमी होई. जळणासाठी तुराट्या, पळाट्या आणि गोवऱ्या वापरीत. तूर व कापूस ही या भागातील पिके असल्याने त्यांची वाळलेली खोडे घरोघर रचून ठेवलेली असत.

पुढे तांब्याचा बंब आला. बंबाच्या मधोमध एक उभी नळी असते. तिच्या तळाच्या जाळीवर निखारे किंवा लाकडाचे तुकडे पेटवतात आणि नळीभोवतीच्या पोकळीतील पाणी तापते. वरच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतले की तापलेले पाणी तोटीतून बाहेर पडते. उष्णता वाया न जाऊ देणारे हे साधन मोठे हुशारीचे होते. त्याची राख पुन्हा भांडी घासायला उपयोगी पडे.

स्नानाला बसणाऱ्यापुढे घंगाळ ठेवीत. हे दोन कड्यांचे, पसरट तोंडाचे तांब्याचे किंवा पितळेचे पात्र. त्यात कढत पाण्यात विसण घालून, म्हणजे थंड पाणी मिसळून, ते बेताचे करीत आणि तांब्याने अंगावर घेत. ही पद्धत पाण्याच्या दृष्टीने काटकसरीची आहे. या प्रदेशाला काटकसरीवाचून गत्यंतर नव्हते. १९७२ च्या दुष्काळाची आठवण येथे दीर्घकाळ सांगितली गेली. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ‘जलदूत’ नावाने ओळखल्या गेलेल्या त्या गाडीच्या पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते.

सांडपाणी

न्हाणीचे पाणी भिंतीतल्या मोरीतून परसात जाई आणि तेथे केळ, अळू, कर्दळ किंवा फुलझाडे यांना मिळे. परस नसेल तर ते सरळ गल्लीत वाहे. गल्लीतील उघडे गटार, त्यावरील डास आणि त्यावरून होणारी शेजाऱ्यांची भांडणे हा गावजीवनाचा नेहमीचा भाग होता. या प्रश्नावर नांदेड जिल्ह्यातच एक साधा उपाय लोकप्रिय झाला. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघर शोषखड्डे घेतले. खड्ड्यात वरच्या भागाला छिद्रे असलेली सिमेंटची टाकी ठेवून भोवती दगडगोटे भरले जातात. गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि पाणी छिद्रांतून जमिनीत मुरते. उघडी गटारे बंद झाल्याने डास कमी झाले. पुढे ही पद्धत जिल्ह्याच्या नावाने, ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून, इतरत्र सांगितली जाऊ लागली.

संस्कार आणि सण

न्हाणी ही सोवळ्या-ओवळ्याची सीमारेषा होती. स्मशानातून आलेल्या माणसाला घरात येण्यापूर्वी स्नान करावे लागे, आणि पूजेला बसणाराही न्हाणीतूनच थेट देवघरात जाई. बाळंतिणीचे पहिले काही आठवडे न्हाणीभोवतीच जात. सुईण किंवा घरातील वडीलधारी बाई पाय लांब करून बसे आणि तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घाली. नंतर ओवा-शेपांची धुरी दिली जाई. मुलगी वयात येण्यालाही मराठीत ‘न्हाण येणे’ असेच म्हणतात. लग्नातील हळदीचे न्हाण मात्र न्हाणीत होत नाही, ते अंगणात, सर्वांसमक्ष होते.

दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान असते. आदल्या दिवशी न्हाणी घासून, हंडा-घंगाळ उजळून, पाणी भरून ठेवतात. सीमेपलीकडे कर्नाटकात या आदल्या संध्याकाळला स्वतंत्र नावच आहे, ‘नीरु तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण. एरवी काजळीने भरलेली ही खोली वर्षातून या एका पहाटे पणत्यांनी उजळे.

न्हाणीघर नसलेली घरे

वरील वर्णन वाड्यांचे व बऱ्या स्थितीतील कुटुंबांचे आहे. गावातील बहुसंख्य घरांत स्वतंत्र न्हाणी नव्हती. पुरुष आडावर, नदीवर किंवा अंगणातील दगडावर स्नान करीत. स्त्रियांना ती मोकळीक नव्हती. उजाडण्यापूर्वी उठून, दोन खाटा उभ्या करून किंवा लुगड्याचा आडोसा धरून, अंगावरील वस्त्रासहच स्नान उरकावे लागे. मासिक पाळीच्या दिवसांत आणि आजारपणात ही अडचण दुप्पट होई. ज्या समाजघटकांना सार्वजनिक आडावर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी तर प्रश्न आडोशाच्याही आधी पाण्याचा होता. वाड्यातील न्हाणीघराचे पाणी पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या तरी डोक्यावरून येई, ही गोष्ट त्याच्या सौंदर्याविषयी बोलताना विसरता येत नाही.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने शौचालयांवर भर दिला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने घरोघरी नळाचे उद्दिष्ट ठेवले. या दोन्हींच्या मधली जागा, म्हणजे छत व दार असलेली स्नानाची खोली, तुलनेने दुर्लक्षित राहिली. पत्रा, ताडपत्री किंवा जुन्या साड्या यांचे आडोसे आजही खेड्यांत दिसतात.

हमाम

दख्खनच्या राजघराण्यांनी स्नानगृहाची दुसरी परंपरा येथे आणली. बिदरच्या किल्ल्यातील शाही हमामाच्या इमारतीत आज पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. बऱ्हाणपूरच्या किल्ल्यातील मोगलकालीन हमामाच्या छतावर रंगकाम अजून दिसते. जाड भिंती, घुमटातील लहान छिद्रांतून येणारा उजेड आणि वाफेने भरलेली हवा ही अशा हमामांची सर्वसाधारण लक्षणे. वरून येणारा थोडा प्रकाश हे तत्त्व हमाम आणि माळवदाची न्हाणी या दोहोंत समान आहे.

बिदरनेच या भागाला काळ्या रंगाच्या सौंदर्याचा सर्वोत्तम नमुना दिला आहे, तो म्हणजे बिदरी काम. जस्त व थोडे तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची तार किंवा पत्रा जडवतात. मग किल्ल्यातील विशिष्ट माती व नवसागर यांच्या लेपाने पृष्ठभाग काळा करतात. चांदीवर मात्र या लेपाचा परिणाम होत नाही. हात धुण्याची तस्ते आणि सुरया या प्रकारातही बिदरी वस्तू घडवल्या गेल्या. काळे पुष्कळ आणि चकाकी मोजकी, हे बिदरीचे प्रमाण कोणत्याही गडद खोलीच्या सजावटीला लागू पडते.

स्थित्यंतर

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने माळवदाच्या घरांवरील विश्वास उडाला. दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावरचा पांढऱ्या मातीचा जड थर झोपेतल्या माणसांवर कोसळला. लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर नव्या वस्त्यांत आणि इतर गावांतही सिमेंट-काँक्रीटची घरे वाढली. वरचा झरोका गेला. न्हाणीची जागा चार बाय सहा फुटांच्या, पांढऱ्या टाइल्सच्या बाथरूमने घेतली. ही खोली उजळ व धुवायला सोपी असते, ओल तुलनेने कमी राहते. उन्हाळ्यात मात्र स्लॅबखाली ती तापते, आणि टाकीतील पाणी दुपारी हात लावू देत नाही.

आजचे लहान काळोखे प्रसाधनगृह

पावडर रूम हे नाव युरोपातून आले. अठराव्या शतकात तेथे केसांच्या टोपांवर पांढरी भुकटी मारण्याची पद्धत होती आणि त्यासाठी लहान कोठड्या असत. ब्रिटनमध्ये १७९५ साली या भुकटीच्या वापरावर कर बसला आणि पुढे ती पद्धत मागे पडली. नाव उरले आणि त्याचा अर्थ बदलला. आज पावडर रूम म्हणजे दिवाणखान्याजवळची, पाहुण्यांसाठीची, हात धुण्याचे भांडे व शौचकूप असलेली, पण स्नानाची सोय नसलेली खोली. नांदेड, लातूर, उदगीर येथील नव्या बंगल्यांत तिला स्वतंत्र जागा मिळू लागली आहे, आणि तालुक्याच्या गावी ती बहुधा जिन्याखाली असते. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे स्वतंत्र शौचालयाचे क्षेत्रफळ किमान १.१ चौरस मीटर व स्नानगृह-शौचालय एकत्र असल्यास २.८ चौरस मीटर लागते.

लहान खोलीला फिका रंग द्यावा, म्हणजे ती मोठी दिसते, असा सर्वसाधारण समज आहे. जिन्याखालच्या, खिडकी नसलेल्या खोलीत तो फारसा खरा ठरत नाही. पुरेशा उजेडाअभावी तेथे पांढरा रंग मळकट दिसतो. गडद रंगाने मात्र कोपऱ्यांच्या कडा अस्पष्ट होतात आणि खोली कोठे संपते हे चटकन कळत नाही. येथे माणूस थोडाच वेळ असतो, म्हणून दिवाणखान्यात न पेलणारा ठळकपणा येथे चालतो. छतालाही भिंतीचाच रंग द्यावा लागतो. पांढरे छत सोडले तर ते झाकणासारखे वेगळे दिसते आणि सगळा परिणाम जातो.

साहित्य या भागात जवळच मिळते. गावच्या काळ्या बेसाल्टखेरीज कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची करडी फरशी, तेलंगणातील तांदूरची फरशी आणि आंध्रातील काळा कडप्पा हे तिन्ही दगड येथील बाजारात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मात्र हे तिन्ही चुनखडीचे दगड असल्याने आम्लाने खराब होतात. मराठवाड्यातील बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. ते सुकले की क्षारांचे पांढरे डाग राहतात, आणि काळ्या पृष्ठभागावर ते सर्वांत जास्त उठून दिसतात. ते काढण्यासाठी बाजारातील आम्लाची बाटली वापरली की डाग जातो आणि त्याबरोबर दगडाची झिलईही जाते. यावर उपाय दोनच: दगडाला वेळोवेळी संरक्षक लेप देणे आणि वापरानंतर पाणी पुसून घेणे. दुसरा उपाय पाहुण्यांकडून होत नाही, म्हणून हात धुण्याच्या भांड्याभोवती तरी बेसाल्ट किंवा ग्रॅनाइट वापरणे शहाणपणाचे.

गडद भिंत प्रकाश गिळते. पांढरा रंग त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी बराच मोठा भाग परत पाठवतो, काळा रंग अगदी थोडा. त्यामुळे छताच्या मध्यभागी एकच प्रखर दिवा लावून भागत नाही. त्याने आरशात डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि भिंती तरीही अंधाऱ्याच राहतात. आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर, २७०० ते ३००० केल्विन रंगतापमानाचे पिवळसर दिवे लावल्यास चेहरा स्पष्ट दिसतो आणि खोलीचा गडदपणाही टिकतो. पितळेची तोटी, तांब्याचे भांडे किंवा जुने घंगाळ बसवून केलेले हात धुण्याचे पात्र या उजेडात खुलते. घंगाळाला तळाशी भोक पाडण्यापूर्वी ते आजीचे आहे की बाजारातले, एवढे मात्र पाहावे.

वृद्धांच्या दृष्टीने काळोखी खोली धोक्याची असते. काळी फरशी, काळा उंबरठा आणि त्यावर सांडलेले पाणी यांपैकी काहीच दिसत नाही. पायाखालचा दगड घोटीव न ठेवता टाकीचा, म्हणजे खरबरीत, ठेवणे, उंबऱ्याची कड फिकट रंगाची करणे आणि दाराजवळ पायांच्या उंचीवर मंद दिवा लावणे यांनी सौंदर्याला बाधा येत नाही.

हवेचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. जुन्या न्हाणीतील धूर डोळ्यांना झोंबे, पण छतातील झरोक्यातून तो बाहेरही जाई. आजच्या बंद बाथरूममध्ये गॅसवर चालणारा गिझर आतच बसवला, तर प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि दार आतून बंद असल्याने मदत पोचत नाही. असे मृत्यू महाराष्ट्रात हिवाळ्याच्या दिवसांत वारंवार घडले आहेत. असा गिझर खोलीबाहेर, मोकळ्या हवेत बसवून केवळ गरम पाण्याची नळी आत घेणे हाच सुरक्षित मार्ग होय. पावडर रूममध्ये स्नान नसल्याने हा धोका कमी असतो, तरी खिडकी नसेल तर बाहेर हवा फेकणारा पंखा आणि दाराच्या तळाशी बोटभर फट आवश्यक असते. फट नसेल तर पंखा नुसता फिरतो, हवा हलत नाही.